चुन्याची बादली

खेडी द्यायची ठरली होती.
तहात तसंच लिहिलं होतं: खेडी. तेहेतीस.
पुढच्या साली दोन राजांचे कारकून
डोंगरात बसून नावं उतरवू लागले
आणि ल्यिवियापाशी लेखणी अडली.
हे खेडं नव्हे, म्हणाले स्पेनचे.
हा कसबा. हे बघा फर्मान, हा जुना शिक्का.

कुणी ध चा मा केला नाही.
शब्द होता तसा राहिला
आणि त्याच्या भोवताली फ्रान्स झाला,
धोंड्याभोवती ओढा होतो तसा.

रेमेई दर सप्टेंबरात चुना कालवते.
गुडघ्यांना पोतं बांधून, झडलेला ब्रश घेऊन
सीमेचे दगड रंगवत निघते.
बाराव्यापाशी कुणाच्यातरी मेंढ्या.
विसाव्यापाशी पाट. पाणी तिकडून येतं.
त्यातल्या एका तासाच्या पाळीसाठी
आजोबा एउदाल्द सहा वर्षं भांडला
आणि जिंकला तेव्हा शेत विकलेलं होतं.

आई एस्तावारची. चालत वीस मिनिटं.
यादीतल्या गावची.
जेवताना म्हणायची,
तुम्ही राहिलेले, आम्ही दिलेले.
मग त्याच भाषेत मीठ मागायची.

बाजाराला जायचा रस्ता फ्रान्समधून जातो,
पण तो कुणी अडवायचा नाही, असा करार.
म्हणून तर त्यावर 'थांबा' अशी पाटी लागली
तेव्हा पोरं रात्री बाहेर पडली.
सकाळी पाटी नव्हती.
बापाच्या कुऱ्हाडीची धार गेली कशी,
आईने विचारलं नाही. एस्तावारची असून.

आता कस्टमवालेही नाहीत.
चौकीत सायकली भाड्याने मिळतात.

आज एकतिसावा दगड आडवा पडलेला.
ट्रॅक्टरचं काम.
खालची बाजू ओली, गांडुळं वळवळतायत.
खड्डा बुजून सपाट झालेला.
ती दगड उभा करते, माती दाबते,
चार पावलं मागे जाऊन डोळा बारीक करते.
वीतभर इकडे आला, की तिकडे?
आसपास कुणी नाही.
एस्तावारची घंटा होते,
मग, जरा उशिराने, इकडची.

एवढ्यातेवढ्याने काय होतंय, ती म्हणते,
आणि एकटीच मोठ्याने हसते.
बादली बाजूला ठेवते.
दगड पुन्हा उपटायला घेते.