गरम इंजिनाची दहा मिनिटं

आसोळण्याला, साळ नदीकाठच्या शेडमध्ये
ती ताडपत्रीखाली होती.
बावतीसबाबने एक टोक उचललं,
पावांवरचं फडकं उचलावं तसं.
निळा रंग. चाकांच्या कमानींवर गंजाचे फोड.
नख लावलं, तर पापुद्राच हातात आला.
"आमचं खारं वारं," तो म्हणाला.

नुसतं आमचं नव्हे.
लेक स्विंडनला होती तेव्हा घेतलेली ही.
तिथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून.
दोन देशांचं मीठ खाल्लेली गाडी,
जागणार तरी कुणाच्या मिठाला?

काचेमागे आकडा : एक लाख अठरा हजार.
ठीक आहे, म्हटलं, चालायचंच.
मग दिसलं, किलोमीटर नव्हेत, मैल.
मनात गुणाकार केला आणि
सीटच्या उसवलेल्या शिवणीकडे बघत राहिलो.

मी कुटबणच्या धक्क्यावरचा फिटर.
तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनांत कोपरापर्यंत हात.
माझ्या ओळखीचं इंजिन वर जातं, खाली येतं,
उखळातल्या मुसळासारखं.
हे मुसळ नव्हे, हा रगडा :
फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, कडेकडेने घासत फिरणारा,
त्याच्या तीन टोकांना तीन बारीक पट्ट्या.
सगळी अब्रू त्यांच्यावर.

"तेल पिते हं," बावतीसबाब हळूच म्हणाला,
घरातल्या माणसाचं व्यसन सांगावं तसं.
प्यायलाच हवं.
पीत नसती तर मी फाटकातूनच मागे फिरलो असतो.

प्लग काढले. माझा गेज डिझेलचा, इथे आंधळा.
म्हणून कान लावला. "मार चावी."
मागच्या रोटरचे तीन श्वास सारखे.
पुढच्याचा एक, दोन,
आणि तिसरा
जिना चढून आलेल्या माणसाचा.

तरी बेतूलच्या पुलापर्यंत नेऊन आणली.
आठ हजारांवर काटा गेला तेव्हा
ट्रॉलरमधला चौथा हिस्सा विकून आलेले पैसे
खिशात नव्हते, बँकेत होते, हे बरं झालं.

मग बंद केली. आता दहा मिनिटं थांबायचं.
थंड इंजिन कुणाचंही सुरू होतं,
खरं काय ते गरम झाल्यावर कळतं.

एर्मेलिंडाबाईने उर्राक आणलं, लिंबू पिळून.
बावतीसबाब सांगू लागला :
लेक ऑस्ट्रेलियाला गेली, फोनवर म्हणाली,
पपा, नुसती उभी नको ठेवू.
"म्हूण दर दिसा दोन मिनटां चालू करतां,
मागीर बंद. एक दीस चुकूंक ना."
दोन वर्षं.
सातशेवर वेळा थंडच जागी केली, थंडच निजवली,
न जळलेलं पेट्रोल आत धुवून नेत राहिलं तेल,
पट्ट्या कोरड्या घासत राहिल्या.
त्या तिसऱ्या श्वासाला दुसरं काही झालेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मिठानंच खाल्लं हो."
चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस तो,
मीठ इंजिनात शिरत नाही, हे त्याला ठाऊक असणार.
ग्लासातली लिंबाची बी बोटाने काढत बसला.

चावी फिरवली. स्टार्टर रडू लागला.
पाच सेकंद म्हणजे बरी,
दहा म्हणजे इंजिन उघडायचं.
अकराव्याला लागली,
मागे निळसर धूर, शेडमधल्या कोंबड्या पांगल्या.

तो सहा म्हणाला होता, मी चार.
इंजिन उघडायचा खर्च मी मोठ्याने मोजला नाही.
साडेचारवर आलो, विसार दिला,
पावती मागायचं राहून गेलं.

फाटकाशी त्याने विचारलं,
"आयतारा मेरेन रोज चालू करूं मरे?"
"नको, बावतीसबाब," मी म्हटलं,
"झोपू दे तिला."