कानामागचं हाड

सीट उचलली की इंजिन.
ओम्नीचं हे एक बरं असतं,
पुढे बॉनेट नाही, लपवाछपवी नाही.
ज्याच्यावर बसायचं तेच खालून भाजतं.

धुमाळांच्या गाडीचा मीटर
तीनदा शून्यावर जाऊन आलाय.
बिबवेवाडीतून खराडीपर्यंत रोज पासष्ट डबे,
त्यामुळे सीटखाली ग्रीस आणि आमटी
यांचा मिळून एकच वास.
फोडणी कुठली आणि क्लच कुठला
हे आधी नाकानं वेगळं करावं लागतं.

कासेवाडीत चौतीस वर्षं मी हेच करतोय.
निळा धूर : तेल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या.
काळा : पेट्रोल जास्त पितेय, कार्बोरेटर उघडा.
पांढरा, आणि वासाला गोडसर :
तेलाचं झाकण काढून आत बोट फिरवा.
साय धरली असेल तर पाणी तेलात उतरलंय,
मालकाला आधी खुर्ची द्या, आकडा मग सांगा.
गिअर पडताना खालून टक्क : प्रोपेलरचा क्रॉस.
उजवीकडे वळताना घूं वाढलं तर बेअरिंग डावं.
लोक नेमकं उलटं बदलून येतात.

धुमाळ म्हणाले,
गंगाधामच्या चढाला काटा वर जातो.

थर्मोस्टॅट बदलला.
पंधरा दिवसांनी रेडिएटर उतरवला,
नाना पेठेतून धुऊन, डाग देऊन आणला.
तिसऱ्यांदा गाडी टोचन लावूनच आली.
डबे रिक्षातून पुढे गेले होते,
पासष्ट माणसं त्या दिवशी उशिरा जेवली.

पाणी भरलं, सेल मारला, मी ओणवा.
शेजारी मेहरून, औंधच्या आयटीआयची,
दहाचा पाना मागितला की बाराचा आणते
आणि बहुतेक वेळा बाराचाच लागतो.

तिनं विचारलं,
मिस्तरी, ही चिवचिव कधीपासून?

मी वर पाहिलं.
आमच्या पत्र्याखाली चिमण्या असतात.

ती माझ्याकडे बघत राहिली,
मग इंजिनाकडे,
मग परत माझ्याकडे नाही.

धुमाळ म्हणाले, पहिल्या दिवसापासून आहे की.
मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलंच असेल,
म्हणजे त्यात विशेष काही नसणार.

लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक पाण्याच्या पंपावर,
मूठ कानामागच्या हाडावर.
उस्ताद असं करायचे तेव्हा
मला ती त्यांची ऐट वाटायची.

हवेतून काही नाही. हाडातून आली :
चिवचिव नव्हेच, खरखर,
कोरड्या वाटीत वाळू फिरवावी तशी.

इंजिन बंद केलं, पुली धरली,
पडायला आलेल्या दातासारखी हलली.
पंपाच्या खालच्या भोकातून गंजाचा ओघळ,
सुकलेला, जुना, थरावर थर.
तो काही लपलेला नव्हता.
पण मी डोळे नेतो तिथं, जिथं कान सांगतात.

घरी कुकर तीन शिट्ट्यांचा सहावर जातो,
भाताची पेज होते,
आणि मी वर्षभर गॅसकंपनीला शिव्या देतोय.

बिलातला थर्मोस्टॅट खोडला, रेडिएटर खोडला.
धुमाळांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.
काही बोलले नाहीत.
सोमवारी एक डबा जास्तीचा आला,
झाकणावर माझं नाव, चुकीचं लिहिलेलं.
मी दुरुस्त केलं नाही.

आता गाडी आली
की आधी मेहरूनला सीटपाशी उभी करतो.
रेस देतो, सोडतो, पुन्हा देतो.
ती डोळे मिटते.
मी तिच्या भुवया बघतो.
उजवी आधी हलते,
मग ती सांगते.