तीन गोलांचा कागद

वरून एक कागद आला.
डाव्या बाजूला भाज्या, फळं,
समोर तीन गोल: हसरा, सरळ, रडका.
प्रत्येक मुलाला विचारून खूण करा.
शुक्रवारपर्यंत जमा.

यादीत ब्रोकोली होती.
सांबाराला कोथिंबीर केलं होतं,
भेदराला टोमॅटो.
तरोट्याचं नाव कुठंच नव्हतं.

आमची तिसरी ब, कॉटन मार्केटच्या मागे.
खिडकीतून हमालांच्या हाका येतात,
दुपारनंतर सडत्या पत्ताकोबीचा वास.
मुलांना तो येत नाही.
मला बदलीनंतर दोन वर्षं येत होता.

डोमेश पराते, कारलं?
"खाल्लं का बाबा म्हणते, वा रे शेर.
मले शेर आवडते."
आणि कारलं?
"सांगतलं नं मॅडम."
मी पेन हसऱ्यावर नेला,
मग सरळवर,
मग पुढं गेले.

अल्फियानं पालकाला रडका दिला.
लगेच माझ्या कानाशी आली,
"पण डाळीतला हसरा.
अम्मी घोटून लपवते.
तिले वाटते, मले माहीत नाई.
तुम्ही लिहू नका."

निशांत उईके सगळ्याला हसरा.
दोडके? हाव. ढेमसं? हाव.
ब्रोकोली? हाव.
पाहिली का रे कधी?
"नाई."
मग?
पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.
"आमच्या घरी
नाई आवडत असं म्हणत नसते."

माझ्या घरी म्हणतात.
माझा मुलगा ताटाच्या कडेला
वाटाण्यांची रांग लावतो,
एकेक वेचून, सोनाराच्या हातानं,
आणि मी त्याला गोष्टी सांगते,
धमक्या देते, मोबाईल देते.

सांची मेश्राम शेवटच्या बाकावरची.
मेथी? "विकतो."
फुलकोबी? "विकतो."
अगं, खायला?
"जे उरते ते."
म्हणजे कोणतं?
"रोज येगळं असते."
संत्रं?
इथं ती पहिल्यांदा हसली.
"बाबा कळमन्यात पेट्या चढवते.
शर्टाले वास येते मृगाच्या मालाचा.
मी शर्ट घेऊन झोपतो."
मग, मी काही विचारलं नसताना,
"किडकं वांगं सगळ्यात गोड असते मॅडम.
किड्याले आधी समजते.
तेवढं कापून टाकाचं."

माझ्या हातातून पेन घेऊन
तिनं ब्रोकोलीसमोर चौथा गोल काढला.
नुसते डोळे, मोठे. तोंड नाही.
हे कोण?
"हे पाहून राह्यलं.
अजून खाल्लं नाई नं त्यानं."

मधल्या सुट्टीत खिचडी आली.
डोमेशनं लौकीचे तुकडे काठाला लोटले.
सांचीनं न बोलता
आपलं ताट त्याच्या ताटाला टेकवलं.
शेर दुसरीकडे बघत बसला.

संध्याकाळी मी तिच्या आईच्या ठेल्यावर गेले.
वांग्यांचा ढीग वेगळा, डोक्याएवढा,
आणि खाली टोपलीत भोकं पडलेली थोडी.
मी टोपलीकडे बोट दाखवलं,
ती द्या पाव किलो.
बाईचा हात तराजूवरच थांबला.
"मॅडम, चांगले घ्या नं."
मग आवाज खाली गेला,
"पोरीनं काई सांगतलं का शाळेत?
आमी तिले चांगलंच खाऊ घालतो, बाप्पा."

काय सांगणार होते मी?
कागद पर्समध्येच होता, एक गोल जास्तीचा,
आणि शुक्रवार कालच झाला होता.
"वांग्याला हसरा म्हणाली," मी म्हटलं.
तिला ते कळलं नाही.
ढिगातली चांगली चार तिनं मोजून दिली,
टोपलीतलं एक, माझ्या हट्टाखातर,
त्याचे पैसे धरले नाहीत.
ठेल्याखाली पोत्यावर बसून सांची
गाजराचं टोक कुरतडत होती
आणि माझ्याकडे बघत होती, नुसती.

पिशवी उचलणार, तोच बाईनं
वरून मूठभर सांबार टाकला.
मागितला नव्हता.