पायाळू

पाटी तीन भाषांत आहे.
एका ओळीवर कधीतरी कुणी डांबर फासलं होतं,
ते कुणीतरी रॉकेलनं पुसलंय.
अक्षरं आता नुसती तपकिरी,
चहातून काढलेल्या बिस्किटासारखी.

तिकीट दहा रुपये.
इराप्पा तिकीट फाडतो, सुट्ट्यासाठी खिसे चाचपतो,
‘चप्पल तेवढं भायेर काढा की ओ,’ म्हणतो
आणि स्वतः चपला घालूनच पुढे चालू लागतो.
मी वाकते, तर कमरेत सकाळचीच कळ.

दोन खोल्या, पडवी, परसात आड, आडावर जाळी.
बायजाक्का होसूरकर, सुईण, इथे राहायच्या.
शहापूर, वडगाव, खासबाग,
मागांच्या खडखडाटात जन्मलेली पोरं
त्यांच्या हातातून खाली उतरली.

कंदील : काच नवी, दांडी जुनी.
पितळी घंगाळ.
कात्री, आणि तिच्याखाली चिठ्ठी, ‘कात्री’.
कोपऱ्यात एक काळी छत्री,
तिच्याखाली काहीच लिहिलेलं नाही.
मी निरखून बघते तेव्हा इराप्पा म्हणतो,
‘ती माझी.’

मी आईसाठी आलेय.
हल्ली तिला कालचं आठवत नाही,
पण होसूरच्या बोळात, कंदिलाच्या घरात आपण झालो
एवढं ठासून सांगते.
पेन्शनच्या कारकुनाला कंदील चालत नाही,
त्याला तारीख लागते.

नोंदवही काचेखाली, एकच पान उघडं.
बाळबोध ओळ मध्येच कानडीत वळते,
पुन्हा मराठीत येते, बाई वाटेत कुठे थांबलेली नाही.
फीचा रकाना :
दोन नारळ. चार आणे.
‘पगाराला देतो म्हणाला.’
‘काही घेतलं नाही. मेलं.’
शेवटचा रकाना रडण्याचा.
लगेच. लगेच. थापटल्यावर. लगेच.
त्यात आईचं नाव नाही.

‘पान उलटता येईल?’
‘किल्ली सायबांकडं. साहेब मंगळवारी येत्यात.’
‘कुठल्या मंगळवारी?’
तो नुसता हसतो.
‘पण हेच पान का?’

‘काचेला हात लावू नये’ या सूचनेच्या बरोबर खाली
इराप्पा बोट टेकवतो.
‘वरनं तिसरी ओळ वाचा बघू.’

हुलगव्वा. मुलगा. कोंबडं आरवताना.
पायाळू. रडला उशिरा.

‘सायबांनी इचारलं, कुठलं पान ठेवूया?
मी म्हटलं, हे ठेवा, अक्षर चांगलं हाय.’

मी निघते. उंबरा ओलांडताना
हात आपोआप कमरेवर जातो.
‘अशा का चालूलाय ओ? उसण भरली व्हय?’
भरलीय. खानापूरहून बसनं उभ्यानं आले.

पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते,
हे मला माझ्या आईनं सांगितलं होतं.
त्याला हुलगव्वानं सांगितलं असणार.
दोघांनाही ते आठवतं
आणि दोघंही काही बोलत नाही.

मग इराप्पा बोळात इकडंतिकडं बघतो.
घरात तिसरं कुणी नाही.
सकाळपासून पहिल्यांदा
तो चपला काढतो, जोडीनं भिंतीकडे सरकवतो,
‘तोंड तिकडं करा ताई, राग मानू नका,’ म्हणतो,
आणि उजवा पाय माझ्या कमरेला टेकवतो,
एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा तोल जातो म्हणून कंदिलाचा खिळा धरतो.

तळवा गार आहे. भेगांचा खरखरीतपणा
साडीतूनसुद्धा कळतो.

‘उतरली?’ तो विचारतो.
‘बघू,’ मी म्हणते, ‘मंगळवारी सांगते.’