भुशातली लादी

मिरज रस्त्याला, पंपाच्या अलीकडं
दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज होतं.
मी तेरा वर्षांचा, पाने पुसायला.
भिंतीवर टायरच्या हवेचा तक्ता
आणि त्याखाली, एकाच तारेत ओवलेली,
जिनपाल मगदुमाची पत्रं.

जिनपाल कुपवाडचा फिटर,
कुठल्याशा थंड देशात गेलेला.
त्या देशाचं नाव चाचांच्या जिभेवर बसेना,
म्हणून ते म्हणायचे, मगदुमाचा मुलूख.
तिथं तळं गोठतं
आणि गोठल्या तळ्यावर मोटारींची
राष्ट्रीय शर्यत लागते.
दर फेब्रुवारीचं एक पत्र :
त्या शर्यतीचा सांगली जिल्ह्यातला इतिहास
एवढाच.

चाचा तो मोठ्यानं वाचायचे,
गिऱ्हाइकाचं इंजिन उघडं टाकून.

पहिल्या साली चार गाड्या आणि दूधवाल्याची एक व्हॅन.
व्हॅन तिसरी आली.
सहाव्या साली बर्फ तडकला,
गाडी तळाला, माणूस खिडकीतून वर.
उन्हाळ्यात गाडी बाहेर काढली,
पुढच्या साली तीच घेऊन तो दुसरा.
'सीट अजून वाळली नव्हती,' मगदूम लिहितो.
मग भूगोल शिकवणारी एक बाई
ओळीनं तीन वर्षं पहिली,
ब्रेकला पाय न लावता म्हणे,
वळणावर गाडी आडवी सोडून द्यायची
आणि वाट बघायची.
('वाट बघायची' वर चाचांनी ग्रीसच्या बोटानं
रेघ ओढलेली.)
तेराव्या साली नियम निघाला :
टायरातला खिळा करंगळीच्या नखाएवढाच बाहेर.
त्यावरून भांडण, दोन संघटना,
एकाच साली दोन राष्ट्रीय विजेते.
"म्हंजे आपल्यागतच की रं!" चाचा खूश.

त्याच वैशाखात त्यांनी एम-एटीचं मागचं चाक उतरवलं.
आतून ब्याण्णव खिळे. वर जुन्या ट्यूबचं अस्तर.
"आमच्या बापजाद्यांनी तलवारी परजल्या,
आन् मी बघ."
एकेक टोक कानशीनं घासलं.
मार्केट यार्डाकडनं सायकलवर बर्फाची लादी आणली,
गोणपाटात, भुशात लोळवलेली.
मी आणि इलाही ती दोन्हीकडून धरून उकिडवे,
तळहात बधिर, पाठीवर ऊन.
चाचांनी किक मारली.

चाक हळूच लादीवर टेकवलं
आणि तोंडावर, भुवयांवर, हवेच्या तक्त्यावर
पांढरा चुरा.
"चावतंय!" ते ओरडले, "चावतंय बघ, चावतंय!"
रस्त्यावरचा टेम्पोवाला उतरून बघत राहिला.
उरलेली लादी सरबतात गेली.
दाताखाली भुसा लागत होता.

पुढची पत्रं आखूड होत गेली.
शर्यत उत्तरेच्या तळ्यावर नेली.
पुढं, आणखी उत्तरेला.
दोन फेऱ्यांतच आटोपली.
बर्फ चार बोटं, रद्द.
रद्द.
मग एका साली नुसतं चित्राचं कार्ड :
तळं, निळं, त्यात एक बदक.
मागं काहीच लिहिलेलं नाही.

चाचा त्या दिवशी बोलले नाहीत.
संध्याकाळी नंबरप्लेटचा पांढरा रंग घेऊन
शटरच्या आतल्या अंगाला आकडे मांडत बसले.
तळ्याची लांबी, रुंदी (पत्र क्रमांक दोन).
लादीची लांबी, रुंदी.
जाडी दीड वीत. कारखान्याचा घाऊक दर.
हातच्याचे आकडे वर, बारीक.
मी विचारलं, खरंच का चाचा?
"हिशेब हाय रं. हिशेबाला काय पैसं पडत्यात?"

आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.
मालक नवा, शटर तेच.
रात्री साडेनऊला ते खाली येतं
आणि काचेआडून, पलीकडच्या दिव्यात
ओळीमागून ओळ उतरते :
लाद्या सत्तावीस लाख आणि काही,
त्याखाली भुसा, पोती,
त्याखाली एकच शब्द, वाहतूक,
आणि त्याच्यापुढं
ब्रश जरा जास्तच भरलेला असावा,
ओघळलेलं प्रश्नचिन्ह.