तेरा चौकटी

खांडव्याहून छोट्या गाडीने डबे आले,
पत्र्याचे पाच, कडांना गंज.
सियागंजचा हमाल म्हणाला, "तूप का, भिया?"
म्हटलं, बाई आहे. फ्रान्सची.

रविवारी सकाळी नऊ. मालकाने
फुकट दिलेली वेळ. खासगीवालेसर
पडद्यापुढे उभे राहून कागद वाचायचे :
जिनेत ओब्रे. गाव बंदराचं, बाप दोर वळायचा.
चित्रपट एकूण चार.
पहिल्यात ती गर्दीत, दुसऱ्यात मरते,
तिसऱ्यात अकरा मिनिटं,
चौथा हा.
पुढे कागद कोरा.
आमचा टॉर्चवाला रफीक तिला झीनत म्हणाला
आणि खेळभर दाराशी उभाच राहिला.

भाषा मला येत नव्हती.
मशीनच्या खिडकीतून खालच्या ओळी
अर्ध्याच दिसत.
पण खोटं बोलताना तिचा डावा खांदा
जरासा खाली यायचा.
हे सरांनाही माहीत नव्हतं.

चौथ्या रिळात, दारातून खिडकीकडे जाता जाता
ती मागे वळते,
तिथेच फिल्म तुटली.
खाली शिट्ट्या. भोकं फाटलेली.
ब्लेडने खरवडलं, सिमेंट लावलं, फुंकर घातली,
जोडून टाकलं.
कापलेला तुकडा खिशात.
चोवीस चौकटींचा एक सेकंद होतो.
माझ्याकडे तेरा.

परतीच्या फॉर्मवर लिहिलं : प्रत उत्तम.
तेव्हा माझा खांदा खाली आला असेल तर
कुणी पाहिला नाही.
पुढे भोपाळला, नागपूरला, जिथे जिथे डबे गेले
तिथे ती दारातून एकदम खिडकीशी उगवली.
लोक म्हणाले असतील, वा, काय दिग्दर्शक आहे!

खूप वर्षांनी रामबागेत सर भेटले.
दात काढलेले, तरी तिचं नाव नीट उच्चारलं.
कुठल्याशा मासिकात चार ओळी आल्या होत्या :
सत्ताविसाव्या वर्षी काम सोडलं. कारण दिलं नाही.
आईच्या गावी बटणांचं दुकान घातलं,
शेवटपर्यंत तेच.
तिसऱ्या चित्रपटाची प्रत आता कुठेच नाही.
"अकरा मिनिटं गेली हो," सर म्हणाले.
मी काहीच बोललो नाही. पोहे गार झाले.

दिवाळीच्या साफसफाईत द्वारकेला
जिरावणाच्या जुन्या डबीत तो तुकडा सापडला.
"ही कोण?"
आता या वयात काय सांगणार.
तिने तो खिडकीच्या उजेडात धरला,
शिवणकामाचा चष्मा चढवला,
एकेक चौकट बोटाने सरकवत गेली,
पुन्हा मागे आली.
म्हणाली, "मनगटाचं बटण बघा.
इथे लोंबतंय.
इथेही.
आणि इथे नाही."

मी पाहिलं. खरंच,
नवव्या चौकटीत दोरा तेवढा उरलाय.
म्हणून वळली होती ती.

द्वारकेने सवयीने
खाली फरशीवर नजर फिरवली.