पन्नास शब्दांत

जूनमध्ये चिपेरोनीचं धुकं
झोम्बाच्या डोंगरावरून घसरत
माझ्या खिडकीपर्यंत येतं,
आणि त्याच सुमारास बातम्या येतात.
मी केटी न्यिरोंगो, राज्यशास्त्र विभागाची लिपिक.
वार्तापत्र माझ्याकडे.
प्रत्येक यशाला शब्द पन्नास,
पदव्या धरून.

डॉ. लुसुंगु म्कांडाविरे यांचा लेख
परदेशी नियतकालिकात छापून आला.
ग्रामप्रमुख आणि मतदाराची निष्ठा, पानं बावीस.
आठ वर्षं लागली, असं मी लिहिलं.
त्यांनी खोडलं.
तिसऱ्यांदा लेख परत आला त्या दुपारी
ते माझ्या टेबलाशी उभे राहून
माझ्याच थर्मासमधला चहा प्याले होते, न विचारता.
ते तर मी लिहिलंच नव्हतं.

तामांदानी चिसालेला बर्गनची शिष्यवृत्ती.
फोटो पाठव म्हटलं
तर तिने कुणाच्या तरी लग्नातला पाठवला,
शेजारची मावशी कापून.
मावशीचा हात मात्र हिच्या खांद्यावर राहिलाय,
अंगठीसकट.
तसाच छापला.
हात काढायचा तर खांदाही जातो.

विभागप्रमुखपदी प्रा. चिरांबो यांची फेरनिवड,
बिनविरोध.
अकरावं वर्ष.
लोकशाहीवर आमच्याकडे सतरा प्रबंध आहेत,
सगळे मीच बांधून आणलेत लिंबेहून,
कडक पुठ्ठा, सोनेरी अक्षरं.
बिनविरोधवर एकातही प्रकरण नाही.

आणि अकिमु निवृत्त झाला.
शिपाई. एकतीस वर्षं.
त्याची बातमी मी एक्केचाळीस शब्दांत बसवली,
नऊ शिल्लक राहिले.

वादळ आलं त्या मार्चमध्ये
चिल्वा सरोवराकाठच्या दोन हजार मुलाखती
तळघरात होत्या. पाणी तिसऱ्या पायरीवर.
अकिमुने अकरा खोकी डोक्यावरून वर आणली,
एकेक, दम न खाता.
बारावं राहिलं.
लेखात ते आहे, तक्ता तीन, खाली बारीक अक्षरांत:
'काही प्रतिसाद उपलब्ध नाहीत.'

प्रमुखांनी पेन्सिलीने त्या बातमीवर रेघ ओढली.
हे यशात बसत नाही, केटी.
हळूच म्हणाले. माणूस वाईट नाही.
माझ्या आईच्या मातीला आले होते,
कोट काढून फावडं धरलं होतं त्यांनी.

चौथ्या पानावर खाली जागा उरली.
छापखान्यातला पोरगा फोनवर: फूल टाकू का?
थांब म्हटलं.
अकिमु किल्ल्या परत द्यायला आला होता,
त्याला विचारलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच,
बारावंच का राहिलं?
तो किल्ल्या मोजत होता.
मोजून झाल्यावर म्हणाला,
खोक्यांवर गावांची नावं होती ना.
ते आमच्या गावाचं होतं.
(आमच्याकडे पुरुष नांदायला जातो बायकोच्या गावी,
म्हणजे तिचंच गाव ते.)
घरचं ते घरचं, म्हटलं, शेवटी नेऊ.
परक्यांचं आधी.

तर त्या गावाने कुणाला काय कौल दिला असता,
कुणावर विश्वास टाकला असता, कुणावर मुळीच नाही,
आणि अकिमुची सासू,
जी म्हणे प्रश्न विचारणाऱ्या पोरांना
आधी शेंगा सोलायला बसवायची,
तिने चौदाव्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं,
हे आता
कुठल्याच तक्त्यात नाही.

किल्ल्या सव्वीस भरल्या. सही घेतली.
छापखान्याला कळवलं, जागा रिकामी ठेव.

अंक आला. प्रमुखांनी चौथं पान उलटलं,
परत मागे आणलं.
हे काय, राहून गेलं काही?
मी म्हटलं, काही प्रतिसाद उपलब्ध नाहीत.

लेख त्यांनी वाचलेला असावा.
हसले नाहीत.
माझ्या थर्मासकडे बघत म्हणाले,
चहा आहे का?
निदान त्यांनी विचारलं.